ओलेविस्तेच्या भिंतीतला बेडूक आणि साप: ताल्लिनमधील एका जुन्या चर्चचा प्रकरण अभ्यास

एस्टोनियाची राजधानी ताल्लिन येथील जुन्या शहराच्या उत्तर टोकाला, पिक्क म्हणजे 'लांब' आणि लाई म्हणजे 'रुंद' अशी साधी नावे असलेल्या दोन रस्त्यांच्या मध्ये, ओलेविस्ते नावाचे चर्च उभे आहे. पिक्क रस्त्याच्या बाजूला या चर्चला लागून मारियामातेचे एक चॅपेल आहे आणि त्याच्या बाहेरच्या भिंतीतील कोनाड्यात दगडात कोरलेला एक मृतदेह आडवा पडलेला दिसतो. त्याचे मांस झडून गेले आहे, बरगड्या उघड्या पडल्या आहेत, छातीवर एक बेडूक बसला आहे आणि डोक्याशी साप आहे. हा कोण, असे विचारल्यास ताल्लिनमध्ये दोन उत्तरे मिळतात. एक उत्तर असे की हा ओलेव, या चर्चचा मनोरा बांधणारा आणि त्याच मनोऱ्यावरून कोसळून दगड झालेला गवंडी. दुसरे उत्तर असे की हे हान्स पावेल्स नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचे स्मारक असून ते सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात घडवले गेले.

कागदोपत्री दुसरे उत्तर बरोबर आहे, याविषयी वाद नाही. तरीही पहिले उत्तर पुसले गेले नाही. ते का तयार झाले, कोणत्या सामग्रीतून तयार झाले आणि चर्चच्या खऱ्या इतिहासाशी त्याचे नाते काय, हा या प्रकरणाचा विषय आहे. दंतकथा खोटी ठरवून बाजूला सारणे किंवा तिच्या गोडव्यापुढे इतिहास विसरणे, हे दोन्ही मार्ग सोपे आहेत. मात्र ओलेविस्तेच्या बाबतीत दोन्हींमुळे हाती फारसे काही लागत नाही, असे माझे मत आहे.

चर्च आणि त्याचे शहर

डेन्मार्कचा राजा दुसरा वाल्डेमार याने १२१९ मध्ये या किनाऱ्यावरचा एस्टोनियन गड जिंकला. ताल्लिन हे नाव 'डेन लोकांचे शहर' अशा अर्थाच्या एस्टोनियन शब्दांपासून आले असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जर्मन भाषिक मात्र शतकानुशतके त्याला रेव्हाल म्हणत आले. १२४८ मध्ये शहराला ल्यूबेक या जर्मन व्यापारी शहराचा नागरी कायदा मिळाला आणि ते उत्तर युरोपातील हान्सा व्यापारी संघाच्या जाळ्यात ओढले गेले. टेकडीवर राजसत्ता, बिशप आणि सरदार राहत, तर टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या खालच्या शहरात व्यापारी आणि कारागीर. या खालच्या शहराचे दोन धर्मग्राम होते. पॅरिश या अर्थी हा शब्द वसईकडचे ख्रिस्ती बांधव वापरतात आणि तो येथे नेमका बसतो, कारण एका चर्चच्या कक्षेत राहणारी, जन्म, लग्न आणि मृत्यू यांसाठी त्याच चर्चशी बांधलेली वस्ती असाच त्याचा अर्थ आहे. एक धर्मग्राम संत निकोलासच्या निगुलिस्ते चर्चचा आणि दुसरा ओलेविस्तेचा.

ओलेविस्तेचा पहिला लेखी उल्लेख १२६७ चा आहे. त्या वर्षी डेन्मार्कची राणी मार्गारेट हिने या चर्चवरील आश्रयाधिकार, म्हणजे त्याचा पाद्री नेमण्याचा हक्क, संत मायकेलच्या सिस्टर्शियन पंथीय जोगिणींच्या मठाला दिला. म्हणजे चर्च त्याआधीच उभे होते. ज्याच्या नावाने ते ओळखले जाते तो संत ओलाव हा नॉर्वेचा राजा; १०३० मध्ये स्टिकलस्टाडच्या लढाईत तो मारला गेला आणि लवकरच संत म्हणून पूजला जाऊ लागला. बाल्टिक समुद्रावर फिरणाऱ्या स्कॅन्डिनेव्हियन व्यापाऱ्यांचा तो लाडका संत होता आणि ते जेथे जेथे उतरले तेथे तेथे त्याच्या नावाची प्रार्थनास्थळे उभी राहिली. ओलाव या नावाचे एस्टोनियन रूप ओलेव. दंतकथेच्या उकलीसाठी ही लहानशी भाषिक बाब ध्यानात ठेवावी लागेल.

चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत चर्च मोठ्या प्रमाणावर नव्याने बांधले गेले. १४२० च्या सुमारास वेदीकडचा नवा भाग उभा राहिला, मधला भाग उंचावला गेला आणि आतील कमानदार छत सुमारे ३१ मीटरपर्यंत पोचले. १५०० च्या आसपास मनोऱ्यावर जो लाकडी, निमुळता आणि अतिशय उंच कळस चढला त्याने शहराची आकृतीच बदलली. समुद्रावरून येणाऱ्या जहाजांना तो दुरून दिसे आणि खलाशी त्याच्या आधाराने दिशा ओळखत. मात्र हाच कळस पावसाळी ढगांना सर्वांत जवळचा होता. चर्चवर सुमारे दहा वेळा वीज पडल्याचे सांगितले जाते. १६२५ मध्ये आणि पुन्हा १८२० मध्ये लागलेल्या आगींनी तर ते भिंतींपर्यंत जाळून टाकले. १८२० नंतरच्या पुनर्बांधणीला रशियाचा झार पहिला निकोलाय याने मोठी रक्कम दिली आणि ते काम १८४० मध्ये पूर्ण झाले. आज दिसणारा सुमारे १२४ मीटर उंचीचा मनोरा त्या कामाचे फळ आहे.

लोक सांगतात ती गोष्ट

गोष्टीची अनेक रूपे आहेत. त्यांतला समान गाभा पुढीलप्रमाणे. एके काळी ताल्लिनच्या नागरिकांना वाटले की आपल्या शहरात जगातले सर्वांत उंच चर्च असावे, म्हणजे जहाजे आपोआप इकडे वळतील आणि व्यापार वाढेल. पण इतके उंच काम अंगावर घेणारा गवंडी कोठून आणायचा? तेवढ्यात एक अनोळखी, धिप्पाड माणूस आला आणि म्हणाला की मी बांधून देतो. त्याने मजुरी मागितली ती शहराच्या आवाक्याबाहेरची, पिंपे भरून सोने. सोबत एक अट घातली: काम संपण्यापूर्वी माझे नाव ओळखून दाखवलेत तर मला काहीच नको. नागरिकांनी होकार दिला. काम भराभर चढत गेले. परका कोणाशी बोलत नसे आणि नाव तर मुळीच सांगत नसे. मनोरा पुरा होत आला तेव्हा घाबरलेल्या नागरिकांनी त्याच्या घराचा माग काढायला एक हेर पाठवला. हेराने खिडकीखाली उभे राहून ऐकले तर आत त्याची बायको बाळाला झोपवताना गात होती की नीज बाळा, ओलेव घरी येईल, सोने घेऊन येईल.

हेर धावत परतला. त्या वेळी परका शिखराच्या टोकावर क्रूस बसवत होता. खालून लोक ओरडले, "ओलेव, ओलेव, क्रूस वाकडा बसला आहे!" आपले नाव कानी पडताच त्याचा तोल गेला आणि तो इतक्या उंचीवरून खाली कोसळला. पडल्यावर त्याच्या तोंडातून एक बेडूक आणि एक साप बाहेर आला आणि त्याचा देह दगड झाला. मजुरी वाचली. चर्चला त्याचे नाव मिळाले.

या कथेचा शेवट ज्या शांतपणे सांगितला जातो त्याने मला नेहमी अस्वस्थ केले आहे. काम अप्रतिम झाले, करणारा मेला, पैसे शहराकडेच राहिले, आणि कथेतला कोणीही त्याबद्दल हळहळत नाही. बेडूक आणि साप यांनीच ती सोय केलेली आहे. ज्याच्या पोटातून असे प्राणी निघतात तो सैतानाच्या पक्षाचा असला पाहिजे, आणि सैतानाची मजुरी बुडवल्याचे पाप लागत नाही, हा त्यामागचा मध्ययुगीन तर्क.

समुद्रापलीकडची भावंडे

ही कथा ताल्लिनमध्ये जन्मलेली नाही. चर्च बांधणाऱ्या राक्षसाचे नाव ओळखण्याची कथा स्कॅन्डिनेव्हियात सर्वदूर आढळते. नॉर्वेचे लोककथा अभ्यासक रायडार क्रिस्तियान्सेन यांनी १९५८ मध्ये स्थलांतर करणाऱ्या दंतकथांची जी क्रमवार सूची तयार केली, तीत या प्रकाराला ७०६५ हा क्रमांक दिला आहे. त्याही आधी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, स्वीडिश अभ्यासक कार्ल विल्हेल्म फॉन सिडो यांनी तिच्या रूपांचा सविस्तर अभ्यास केला होता.

तिची दोन रूपे येथे विशेष उपयोगी आहेत. आजच्या स्वीडनमधील लुंद येथील कॅथीड्रलच्या कथेत राक्षसाचे नाव फिन. तो चर्च बांधून घेणाऱ्या संत लॉरेन्सकडे मजुरी म्हणून सूर्य आणि चंद्र, नाहीतर संताचे डोळे मागतो. तेथेही नाव कळते ते राक्षसाच्या बायकोच्या अंगाईतूनच. फिन मग चिडून चर्च पाडायला तळघरातील खांबाला मिठी मारतो आणि तसाच दगड होतो. लुंदच्या तळघरात खांबाला कवटाळणारी एक कोरीव आकृती खरोखरच आहे आणि लोक तिलाच फिन म्हणतात.

दुसरे रूप नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमच्या निदारोस कॅथीड्रलचे, म्हणजे जेथे संत ओलावला पुरले त्या स्थानाचे. तेथे चर्च बांधून घेणारा स्वतः राजा ओलाव आहे आणि बांधणारा राक्षस आहे. अंगाईतून त्याचे नाव 'वारा आणि हवा' असल्याचे कळते. ओलाव खालून हाक मारतो की वारा-हवा, तू शिखर वाकडे बसवलेस, आणि राक्षस कोसळून त्याचे गारगोटीचे तुकडे होतात.

'वाकडे बसवलेस' ही आरोळीसुद्धा ताल्लिनच्या कथेत जशीच्या तशी आहे. फरक एकच आणि तोच महत्त्वाचा: निदारोसमध्ये ओलाव हा मालक आहे, ताल्लिनमध्ये ओलेव हा मजूर आहे. समुद्र ओलांडताना नाव एका पात्रावरून दुसऱ्या पात्रावर सरकले. याचे कारण मला असे दिसते. नॉर्वेच्या श्रोत्यांना ओलाव हा त्यांचा राजा म्हणून ठाऊक होता. राक्षसाला त्याचे नाव देणे त्यांना सुचणेही शक्य नव्हते. ताल्लिनच्या सामान्य एस्टोनियन माणसाला मात्र ओलेव हे चर्चवरचे नाव होते. १५२० च्या दशकात शहर रोमच्या चर्चपासून फुटून मार्टिन लुथरच्या मागे गेल्यावर, म्हणजे लुथरपंथी झाल्यावर, संतांची पूजाही थांबली आणि संताची चरित्रकथा सांगणारा कोणी उरला नाही. कथेला एक गुप्त नाव हवे होते. इमारतीवर एक नाव आधीच होते, आणि ते कोणाचे हे सांगणारे आता कोणी नव्हते. दोन्ही एकमेकांना चिकटले. पुढे एकोणिसाव्या शतकात घडवल्या गेलेल्या 'कालेविपोएग' या एस्टोनियन महाकाव्यातही शहर उभारणारा वीर म्हणून ओलेविपोएग, म्हणजे ओलेवचा पुत्र, येतो. तोवर ओलेव आणि बांधकाम ही जोडी पक्की झाली होती.

कथा इकडे आली कशी, याचा मार्गही कठीण नाही. डेन राजवटीत ताल्लिनचा बिशप लुंदच्या आर्चबिशपच्या अधिकाराखाली होता आणि बंदरात स्कॅन्डिनेव्हियन व्यापारी व खलाशी सतत येत. ज्या जहाजांनी संत ओलाव आणला त्याच जहाजांनी त्याच्या राक्षसाची कथाही आणली असावी.

दगड काय म्हणतो

आता कोनाड्याकडे परत यावे. मारियामातेचे चॅपेल १५१३ ते १५२३ या काळात बांधले गेले आणि त्यासाठी हान्स पावेल्स या व्यापाऱ्याने पैसा दिला. भिंतीतील शिल्प हे त्याचे स्मारक आहे, कबर नव्हे. कोनाड्याच्या वर ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे प्रसंग कोरलेले आहेत आणि खाली तो कुजणारा देह. मध्ययुगाच्या अखेरीस युरोपातील श्रीमंत लोक आपल्या स्मारकांवर स्वतःला असे मुद्दाम दाखवून घेत. माझे सोने येथेच राहिले, माझ्या देहावर आता बेडूक आणि साप आहेत, तुमच्यावरही ही वेळ येणार आहे, तेव्हा माझ्यासाठी प्रार्थना करा, असे ते पाहणाऱ्याला सांगत. स्वित्झर्लंडमधील ला साराझ येथील चौदाव्या शतकातल्या कबरीवर झोपलेल्या सरदाराच्या चेहऱ्यावर असेच बेडूक बसलेले आहेत. ताल्लिनमध्येही ही भावना अनोळखी नव्हती. शेजारच्या निगुलिस्ते चर्चमध्ये बर्न्ट नोटके याने रंगवलेल्या 'मृत्यूच्या नृत्या'चा सुमारे साडेसात मीटर लांबीचा भाग आजही आहे, आणि त्यात मृत्यू पोप, सम्राट आणि राजा यांना हात धरून नाचवत नेतो.

मग १५२४ चा सप्टेंबर आला. लुथरच्या शिकवणुकीने पेटलेल्या जमावाने डोमिनिकन मठ, ओलेविस्ते आणि पवित्र आत्म्याचे चर्च यांवर हल्ले करून मूर्ती आणि वेद्या फोडल्या. निगुलिस्ते मात्र वाचले. तेथील व्यवस्थापकाने कुलपांत वितळलेले शिसे ओतून दारे बंद करून टाकली होती, असे सांगतात. पावेल्सच्या स्मारकाचे दगड टिकले, पण त्यांचा अर्थ ज्या श्रद्धेवर उभा होता ती श्रद्धा शहरातून निघून गेली. मृतांसाठी प्रार्थना करणे हे लुथरपंथीयांना मान्य नव्हते. त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला प्रार्थनेची विनंती करणारा तो देह एकदम मुका झाला. पावेल्सचे नाव विसरले गेले. आता तेथे एका उंच मनोऱ्याच्या पायथ्याशी पडलेला, दगड झालेला, बेडूक आणि साप अंगावर असलेला एक माणूस उरला होता. उंच मनोऱ्याखाली पडलेला माणूस वरूनच पडला असणार, असे वाटणे स्वाभाविक आहे.

माझ्या दृष्टीने या प्रकरणातील सर्वांत भक्कम पुरावा हाच. निदारोसच्या कथेत बेडूक आणि साप नाहीत, लुंदच्या कथेतही नाहीत. ते फक्त ताल्लिनच्या कथेत आहेत, आणि ताल्लिनच्या भिंतीवर आहेत. बाहेरून आलेल्या कथेला स्थानिक शेवट या शिल्पाने दिला. लुंदमध्ये खांब कवटाळणाऱ्या आकृतीने जे केले तेच येथे कोनाड्यातल्या देहाने केले. लोकांनी शिल्प चुकीचे वाचले, हे खरे. पण दगडातली एकही खूण त्यांनी सोडली नाही, हेही तितकेच खरे. आणि योगायोग असा की पावेल्सला सोन्याची जी व्यर्थता दाखवायची होती, ती कथेत पिंपभर सोन्याच्या रूपाने दुसऱ्याच वाटेने परत आली.

१५९ मीटर

उंचीची गोष्ट स्वतंत्रपणे तपासावी लागेल, कारण तेथे दंतकथा वेगळ्या वेषात भेटते. अनेक पुस्तकांत आणि प्रवासी माहितीपत्रकांत लिहिलेले आढळते की जुना कळस १५९ मीटर उंच होता आणि १५४९ ते १६२५ या काळात ओलेविस्ते ही जगातील सर्वांत उंच इमारत होती. ही दोन्ही वर्षे कशी आली ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमधील लिंकन कॅथीड्रलचा सुमारे १६० मीटरचा कळस १५४८ मध्ये कोसळला असे मानतात. त्यानंतर सर्वांत उंच इमारतीचा मान आपोआप पुढच्या क्रमांकाकडे गेला. १६२५ हे ओलेविस्तेच्या आगीचे वर्ष. म्हणजे ताल्लिनमध्ये १५४९ साली काही घडलेले नव्हते. ते वर्ष केवळ उंच इमारतींच्या यादीतून निघाले.

१५९ हा आकडाही आता टिकत नाही. जुन्या लांबीच्या मापांचे मीटरमध्ये रूपांतर करताना चूक झाली असावी आणि कळसाची खरी उंची साधारण ११५ ते १२५ मीटरच्या दरम्यान, म्हणजे आजच्या इतकीच होती, असे अलीकडचे अभ्यासक मानतात. तसे असेल तर तो मान जर्मनीतील श्ट्रालझुंडच्या १५१ मीटर उंचीच्या संत मारिया चर्चकडे जातो. ताल्लिनच्या अभिमानाला हे लागणारे आहे, पण लपवण्याचे कारण नाही. सव्वाशे मीटरच्या आसपासचा लाकडी कळस सन १५०० मध्ये उभारणे हे लहान काम नव्हे. बाल्टाझार रुस्सोव या धर्मगुरूने सोळाव्या शतकात लिहिलेल्या बखरीत १५४७ मध्ये दोरीवरून चालणाऱ्या एका डोंबाऱ्याने या मनोऱ्याला दोरी बांधून खेळ केल्याची नोंद आहे. इतक्या उंचावरून खाली आलेला माणूस पाहायला शहर लोटले नसते तरच नवल. वर गेलेला माणूस खाली पाहतो आणि खाली थांबलेले लोक श्वास रोखून वर पाहतात, ही ओलेवच्या कथेतली स्थिती त्या दिवशी प्रत्यक्षात घडली.

लोककथेत 'जगातले सर्वांत उंच चर्च' हे शब्द आधीपासून होते. छापील पुस्तकांनी त्या शब्दांना मीटर आणि वर्षे जोडली. म्हणून १५९ मीटर हा आकडा मी दंतकथेच्याच वंशावळीत ठेवतो: सांगणारे बदलले, अंगाईच्या जागी मापे आली, पण आपले शहर दुरून दिसावे ही इच्छा तीच राहिली. या इच्छेला ताल्लिनच्याच दुसऱ्या एका कथेत उलट बाजूने धाक घातलेला आहे. शहराबाहेरच्या उलेमिस्ते तळ्यात राहणारा म्हातारा वेशीवर येऊन विचारतो की शहर बांधून झाले का, आणि 'अजून पुष्कळ काम बाकी आहे' असेच उत्तर द्यावे लागते. झाले म्हटले तर तो तळ्याचे पाणी सोडून शहर बुडवेल. ओलेवचा अंत क्रूस बसवताना, म्हणजे काम पुरे होण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी झाला, ही गोष्ट या म्हाताऱ्याच्या प्रश्नाशेजारी ठेवून ऐकली पाहिजे. बांधून संपणे हा क्षणच या शहराला धोक्याचा वाटतो.

विसावे शतक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एस्टोनिया सोव्हिएत संघात गेला. १९५० मध्ये ताल्लिनमधील बाप्टिस्ट आणि इव्हँजेलिकल या प्रोटेस्टंट पंथांच्या अनेक मंडळ्यांना एकत्र करून ओलेविस्तेत बसवण्यात आले आणि लुथरपंथी चर्चचे रूपांतर बाप्टिस्ट चर्चमध्ये झाले. ज्या राजवटीला धर्म नको होता तिनेच घडवलेल्या या एकत्रीकरणातून एक जिवंत मंडळी उभी राहिली. आजही हे चर्च तिच्याच हाती आहे आणि उन्हाळ्यात पर्यटकांना मनोऱ्यावर सुमारे साठ मीटर उंचीवरच्या सज्जापर्यंत चढू दिले जाते. सोव्हिएत काळात मनोऱ्याच्या उंचीचा उपयोग केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेने रेडिओ संदेशांसाठी आणि टेहळणीसाठी केला. प्रार्थना खाली आणि कान वर, अशी ती अनेक वर्षांची स्थिती.

केजीबीचे मुख्यालय चर्चपासून काही पावलांवर, पिक्क रस्त्यावरील ५९ क्रमांकाच्या इमारतीत होते. तळघरात कोठड्या होत्या, तेथून अनेक कैद्यांना सायबेरियातल्या छावण्यांत पाठवले जाई, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना आतला आवाज ऐकू येऊ नये म्हणून तळघराच्या खिडक्या बुजवलेल्या होत्या. त्या काळात ताल्लिनचे लोक दबक्या आवाजात एकमेकांना सांगत की शहरातली सर्वांत उंच इमारत ओलेविस्ते नसून पिक्क ५९ आहे, कारण तिच्या तळघरातून थेट सायबेरिया दिसतो.